पाठशाळा घरची, परिपाठ गावाचा

सार्वजनिक शाळेत धर्म शिकवावा काय? नीती शिकवावी ती कोणी? तामलवाडीच्या वाटेवरून घेतलेला वेध

सोलापूर सोडून तुळजापूरची वाट धरली की मध्ये तामलवाडी लागते. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील हे गाव महामार्गावर वसलेले आहे. वाहनचालकांना ते टोलनाक्यामुळे ठाऊक आहे, तर भाविकांना पायी यात्रेमुळे. कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास सोलापूरहून तुळजाभवानीच्या दर्शनाला निघालेले लाखो यात्रेकरू याच रस्त्याने चालत जातात. त्या काळात वाहतूक अन्य मार्गांनी वळविली जाते, ठिकठिकाणी पाणी, चहा व फराळाची सोय होते आणि रस्ता रात्रभर जागा राहतो. अशा गावातील मुलाला भक्ती म्हणजे काय, हे शाळेने सांगावे लागत नाही. ती त्याच्या दारावरून चालत जाते.

तेच मूल सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपाठाला उभे राहते. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि एखादी बोधकथा असा हा क्रम महाराष्ट्रातील बहुतेक शाळांच्या अंगवळणी पडलेला आहे. रांगेत शेतकऱ्याचे मूल असते, ऊसतोड मजुराचे असते, मुसलमान बागवानाचे असते, लिंगायत घरातील असते. आणि क्वचित एखादे किराणा वा कापड दुकानदाराचे जैन मूलही असते. या रांगेला सामाईक असे काय शिकवावे? धर्म शिकवावा तर कोणाचा? आणि धर्म वगळला तर नीतीला आधार कशाचा? शिक्षणतज्ज्ञ या प्रश्नावर दीर्घकाळ चर्चा करीत आले आहेत. लहान गावात दुकान मांडून बसलेल्या जैन कुटुंबाच्या तर तो थेट घरातला प्रश्न आहे.

एकट्या मुलाचा प्रश्न

धाराशिव जिल्ह्याला जैन परंपरा नवी नाही. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे देशभूषण व कुलभूषण मुनींचे सिद्धक्षेत्र. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली तेथेच सल्लेखनापूर्वक देहत्याग केला. धाराशिव शहराजवळच्या लेण्यांत भगवान पार्श्वनाथांची मूर्ती आहे. तेर हे प्राचीन तगर नगर एकेकाळी दूरदेशीच्या व्यापाराशी जोडलेले होते आणि तेथे आजही भगवान महावीरांचे मंदिर आहे.

तरीही मराठवाड्यातील जैन वस्ती विखुरलेली आहे. सैतवाळ, ओसवाल, गुजराती अशी कुटुंबे गावोगावी व्यापारानिमित्त स्थिरावली. शहरात वा तालुक्याच्या ठिकाणी मंदिर किंवा स्थानक असते, साधुसाध्वींचे चातुर्मास होतात, पाठशाळा भरते. लहान गावात मात्र एखाददुसरेच घर असते. त्या घरातील मूल शाळेत बहुधा एकटेच असते. सूर्यास्तानंतर न जेवणारे, कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य मानणारे, पर्युषणात वडीलधाऱ्यांचे उपवास पाहणारे हे मूल वर्गमित्रांच्या कुतूहलाचा विषय होते. शाळेने एखाद्या धर्माची उपासना सर्वांवर घातली, तर परकेपणा प्रथम अशा एकट्या मुलाच्या वाट्याला येतो.

पुष्कळ कुटुंबांनी यावर स्वतःपुरता उपाय काढला आहे. सकाळी गाडी येते आणि मुलांना शहरातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घेऊन जाते. उपाय समजण्याजोगा आहे. पण त्याने प्रश्न सुटत नाही. दुकानातील नोकराची मुले, हमालाची मुले, आडतीवर माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याची मुले गावच्या शाळेतच शिकतात. उद्याचे ग्राहक, उद्याचे शेजारी आणि उद्याचे सरपंच तेथेच घडतात. ज्या गावाच्या विश्वासावर पेढी चालते, त्या गावाची नीती ज्या वर्गात घडते त्या वर्गाकडे पाठ फिरविणे व्यापाऱ्याला परवडणारे नाही.

कायदा काय सांगतो

भारतीय संविधानाने या प्रश्नाचे उत्तर मोजक्या शब्दांत दिले आहे. अनुच्छेद २८ अन्वये, संपूर्णपणे राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. जिल्हा परिषदेची शाळा या कक्षेत येते. ज्या संस्थेचा कारभार शासन पाहते परंतु जिची स्थापना धार्मिक शिक्षण आवश्यक ठरविणाऱ्या दाननिधीतून किंवा न्यासातून झाली आहे, तिला यातून सूट आहे. आणि शासनमान्य वा अनुदानित संस्थेत कोणाही विद्यार्थ्याला त्याच्या, अथवा तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सहभागी होण्याची सक्ती करता येत नाही.

ही शेवटची तरतूद जैन समाजातील विश्वस्तांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. केंद्र शासनाने २७ जानेवारी २०१४ रोजी जैनांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले आणि अनुच्छेद ३० नुसार स्वतःच्या संस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क अधिक ठळक झाला. परंतु अशा अनेक अनुदानित शाळांतून शिकणारी बहुसंख्य मुले जैनेतर असतात. प्रार्थनेत णमोकार मंत्र म्हटला जावा, अशी संस्थाचालकांची इच्छा असणे स्वाभाविक आहे. मात्र तेथेही दुसऱ्याच्या मुलाचा मान राखणे हे कायद्याचे बंधन आहे आणि अनेकान्त मानणाऱ्या समाजाचे तर ते कर्तव्यच ठरते.

धार्मिक शिक्षण नको म्हणजे नीतिशिक्षण नको, असा अर्थ मात्र कोणी काढलेला नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी हे उदयपूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले थोर पदार्थवैज्ञानिक. त्यांच्या आयोगाने दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या केल्या. एखाद्या पंथाची श्रद्धा व आचार शिकविणे ही एक गोष्ट. निरनिराळ्या धर्मांविषयी सहिष्णू व चिकित्सक दृष्टीने माहिती देणे ही दुसरी. पहिली सार्वजनिक शाळेचे काम नाही, दुसरी आहे. त्याचबरोबर नैतिक मूल्यांसाठी वेळापत्रकात आठवड्याला एक-दोन तासिका राखाव्यात, असेही आयोगाने सुचविले.

पुढे १९९९ साली संसदेच्या एका स्थायी समितीने मूल्याधिष्ठित शिक्षणावर अहवाल दिला. तिचे अध्यक्ष होते मराठवाड्याचेच सुपुत्र शंकरराव चव्हाण. सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्ये या समितीने शिक्षणाच्या गाभ्याशी ठेवली. २००२ साली अरुणा रॉय यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने या अहवालाचा आधार घेतला आणि धर्मांविषयीचे शिक्षण अनुच्छेद २८ ला बाधक नाही, असे मत दिले. संविधानातील मूलभूत कर्तव्यांत तर प्राणिमात्रांविषयी दयाभाव बाळगण्याचे कर्तव्य १९७६ पासून समाविष्ट आहे. जीवदया ही केवळ जैनांची राहिलेली नाही. प्रत्येक नागरिकाच्या कर्तव्यांच्या यादीत ती आलेली आहे.

सीमारेषा कागदावर स्पष्ट असली तरी व्यवहारात ती वारंवार धूसर होते. मे २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणाच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यातील भगवद्गीता व मनाचे श्लोक यांच्या पाठांतराचा उल्लेख आणि मूल्यविषयक प्रकरणातील मनुस्मृतीचा श्लोक यांवरून मोठा वाद उठला. अशा वेळी कोठारी आयोगाची कसोटी उपयोगी पडते. एखादा ग्रंथ भाषेचे वैभव म्हणून वाचला जात असेल, तर त्याच्या शेजारी इतर परंपरांच्या ग्रंथांनाही जागा असली पाहिजे. मराठीच्या आद्य शिलालेखांपैकी एक श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या चरणांशी कोरलेला आहे, हे मराठी शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला कळावयास हवे. तोच ग्रंथ श्रद्धेचा विषय म्हणून शिकवायचा असेल, तर मात्र त्याचे स्थान घर, मंदिर आणि पाठशाळा हे होय.

एका वर्षाच्या अंतराने

जैन समाजाच्या अनुभवात या दोन्ही वाटा जुन्या आहेत. पुढे समंतभद्र महाराज म्हणून वंदनीय ठरलेल्या ब्रह्मचारी देवचंदजींनी १९१८ साली विदर्भातील कारंजा येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू केला. लौकिक शिक्षणाला धर्मशिक्षणाची जोड देणारी ही गुरुकुलांची परंपरा पुढे बाहुबली, वेरूळ अशा अनेक स्थळी पोहोचली. अवघ्या एका वर्षाने, १९१९ साली, कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी उघडलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका पंक्तीला जेवत. तेथे समतेवर स्वतंत्र व्याख्यानाची गरज नव्हती. पंक्तीत बसणे हाच धडा होता.

गुरुकुलाने श्रावक घडविले आणि रयतेने नागरिक. एकाने दुसऱ्याचे काम स्वतःकडे ओढले नाही, आणि महाराष्ट्राला दोहोंचा लाभ झाला.

भूकंपापासून मूल्यवर्धनापर्यंत

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, हे दोन जिल्हे हादरले. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांतील दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे दगावली. मदतीला धावून आलेल्या संस्थांत भारतीय जैन संघटना होती. १९८५ साली स्थापन झालेल्या या संघटनेचे संस्थापक, मूळचे बीड जिल्ह्यातील शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त गावांतील बाराशे मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. ती मुले पुण्यास आणली गेली आणि वाघोली येथील निवासी प्रकल्पात शिकली. त्यांत जैन किती, हा हिशेब कोणी मांडला नाही. मुले शेतकऱ्यांची होती, मजुरांची होती, सर्व जातींची होती.

आपत्तीत सापडलेल्या मुलाला अन्न, वस्त्र व निवारा देता येतो. भय, संताप आणि पोरकेपण घेऊन आलेल्या शेकडो मुलांना एका छताखाली माणूस म्हणून उभे करणे हे त्याहून अवघड काम आहे. ज्या संघटनेने ते काम अंगावर घेतले होते, तिने पुढे नीतिशिक्षणाचा विचार सामान्य शाळांसाठीही केला, हे ओघाने आले.

२००९ साली बीड जिल्ह्यातील सुमारे पाचशे जिल्हा परिषद शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम सुरू झाला. पुढे शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने राज्य शासनाच्या सहकार्याने तो महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांत नेला. या उपक्रमाचा पाया कोणताही धर्मग्रंथ नाही. न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही संविधानाच्या उद्देशिकेतील मूल्ये त्याच्या केंद्रस्थानी आहेत. जैन उद्योजकाने उभारलेल्या, जैन दातृत्वाची पार्श्वभूमी असलेल्या या कार्यक्रमात जैन धर्माचे नाव मुलांपुढे येत नाही.

त्याची पद्धतही विचार करण्याजोगी आहे. महाराष्ट्रात मूल्यशिक्षण नवे नव्हते. श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा ही दहा मूल्यांची यादी गेल्या शतकाच्या अखेरीपासून शिक्षकांना तोंडपाठ आहे. पण यादी पाठ असली तरी मूल्य रुजतेच असे नाही. ‘मूल्यवर्धन’मध्ये मुलांसाठी उपक्रमपुस्तिका असतात. मुले जोडीने बोलतात, गटात काम करतात, वर्गाचे नियम चर्चेतून ठरवितात. शिक्षक उपदेश करीत नाही, प्रश्न विचारतो. मैत्रिणीला राग आला तर काय करावे? खेळात एकाला घेतलेच नाही तर त्याला काय वाटेल? सापडलेली वस्तू कोणाची? मूल उत्तर शोधते, ते जोडीदाराला सांगते, त्याचे ऐकते आणि कधी आपले मत बदलते.

हे चित्र अनेकान्ताचे संस्कार झालेल्या वाचकाला ओळखीचे वाटेल. समोरच्याच्या म्हणण्यात सत्याचा काही अंश असू शकतो, हे तत्त्व प्रवचनातून ऐकता येते. पण रोज अर्धा तास जोडीदाराचे पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय ते अंगी मुरत नाही. धर्माचे नाव न घेता त्याच्या गाभ्याचा सराव सर्वांच्या मुलांना मिळावा, यात धर्माची हानी कोठेच नाही.

एक कठीण कसोटी

तत्त्व मान्य करणे सोपे असते. ते स्वतःच्या ताटाशी येते तेव्हा परीक्षा होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला. अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी केळी किंवा स्थानिक फळाचा पर्याय ठेवला. शाकाहारी समाजांतून, त्यांत जैन समाजातूनही, विरोध झाला. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यांसाठीचा निधी थांबवून ती बाब लोकसहभागावर सोपविली.

या प्रश्नावर जैन घरांची भावना तीव्र असणे स्वाभाविक आहे. अहिंसा हे त्या घरांचे पहिले व्रत आहे आणि शाळेच्या ओसरीत एकाच पंक्तीला बसलेल्या आपल्या मुलापुढे काय येईल, ही चिंता खरी आहे. पण त्याच पंक्तीत असे मूलही बसते, ज्याच्या घरी अंडे निषिद्ध नाही, फक्त परवडत नाही. ज्यांच्या आहारात कडधान्ये व दूध पुरेसे नाही, अशा मुलांच्या वाढीचा प्रश्न आहारतज्ज्ञ मांडतात, तोही खोटा नाही.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करणे आवश्यक आहे. जैन मुलाला त्याच्या व्रताविरुद्ध काहीही दिले जाऊ नये, ताट व भांडी वेगळी ठेवावीत आणि त्याची चेष्टा होऊ नये, ही मागणी न्याय्य आहे. अनुच्छेद २८ चा आत्माही तोच आहे. परंतु दुसऱ्याच्या मुलाने काय खावे हे आपल्या व्रताने ठरवावे, ही मागणी मान्य केली, तर उद्या दुसऱ्या कोणाच्या आचाराने आपल्या मुलाचे वर्तन ठरविण्यास नकार कोणत्या तोंडाने द्यावयाचा? व्रत स्वेच्छेने घेतले जाते, म्हणूनच ते व्रत असते. अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या गावच्या व्यापाऱ्याला आणखी एक वाट मोकळी आहे. शाळेला शेंगदाण्याची चिक्की, मोड आलेली कडधान्ये, दूध किंवा फळे देता येतात. विरोधाच्या निवेदनापेक्षा असे दान मुलांच्या अधिक लक्षात राहील.

तराजूची पाठशाळा

सार्वजनिक शाळेकडून धर्माची अपेक्षा ठेवावयाची नसेल, तर घराची जबाबदारी दुपटीने वाढते, आणि आज ढिलाई झाली आहे ती नेमकी येथेच. शिकवण्यांच्या गर्दीत रविवारची पाठशाळा मागे पडते. सूत्रे अर्थाविना पाठ होतात, आणि शाळेने संस्कार द्यावेत, अशी तक्रार त्याच घरातून येते.

व्यापारी कुटुंबापाशी तर नीतिशिक्षणाचे असे साधन आहे, जे कोणत्याही शाळेपाशी नाही. ते म्हणजे दुकान. श्रावकाच्या अणुव्रतांचे जे अतिचार आचार्यांनी सांगितले, त्यांतील कितीतरी थेट बाजारपेठेतले आहेत. मापात कमी-अधिक करणे, चांगल्या मालात हलका माल मिसळणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम ओलांडणे हे अचौर्यव्रताचे अतिचार होत. खोटा लेख लिहिणे, विश्वासाने ठेवलेली ठेव बुडविणे हे सत्यव्रताचे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर वजनकाटा, भेसळ, पक्के बिल, करभरणा आणि उधारीची वही ही सर्व अणुव्रतांची उदाहरणसंग्रहिका आहे.

शाळेतून आलेले मूल गल्ल्याजवळ बसते. निरक्षर म्हातारी पाव किलो डाळ मागते. काट्यावर पुडके ठेवताना वडिलांची बोटे कोठे आहेत, हे ते पाहते. नोटा मोजताना म्हातारीने चुकून अधिक दिलेली नोट वडील परत करतात की खणात टाकतात, हेही पाहते. परिपाठातील सुविचार आणि पाठशाळेतील सूत्र या दोहोंची पडताळणी त्या क्षणी होते. घरची साक्ष विरुद्ध गेली, तर जगातील कोणताही अभ्यासक्रम तिला पुरा पडणार नाही.

करता येण्याजोगे

या विचाराला कृतीची जोड देणे अवघड नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शासकीय शाळेत शाळा व्यवस्थापन समिती अनिवार्य केली आहे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. गावातील जैन पालकांची मुले तेथे शिकत असतील, तर या समितीत त्यांनी अवश्य जावे. मुले अन्यत्र शिकत असली तरी शाळेशी नाते राखावे: वाचनालयाला पुस्तके, पिण्याच्या पाण्याची सोय, मूल्यशिक्षणाच्या उपक्रमांना साहित्य. देणगीच्या फलकावर धर्माचे नाव नसले तरी पुण्य उणे होत नाही.

दुसरीकडे, जेथे दोन-चारच घरे आहेत तेथे आठवड्यातून एकदा एका घरी पाठशाळा भरवावी. आजीने कथा सांगावी, वडिलांनी अणुव्रते दुकानातील प्रसंगांनी समजवावीत, मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. कुंथलगिरी, तेर, धाराशिवची लेणी ही तीर्थे व स्थळे एका दिवसाच्या प्रवासात आहेत. तेथे जाताना मुलांच्या वर्गमित्रांनाही सोबत न्यावे. ज्याने आपल्या मित्राचे तीर्थ पाहिले आहे, तो त्याच्या डब्याची चेष्टा सहसा करीत नाही.

कोजागरीला तामलवाडीच्या रस्त्यावरून पुन्हा यात्रेकरू जातील. जैन दुकानदाराचे मूल त्यांतील एखाद्या थकलेल्या वृद्धाला पाण्याचा पेला देईल. तो आचार त्याने पाठशाळेत शिकला, परिपाठात शिकला की दुकानाच्या ओट्यावर, हे त्याला सांगता येणार नाही. तिन्ही ठिकाणी आपापले काम नीट झालेले असले म्हणजे पुरे.